कपडे विकणाऱ्या कंपनीला स्वतःचं जेट कशाला लागतं?

सुईदोरा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय आहे, म्हणून धागा काढते.

लुई व्हिटॉन, डिऑर वगैरे ब्रँड ज्या एलव्हीएमएचचे, त्यांचे सर्वेसर्वा बर्नार्ड आर्नो. २०२२ मध्ये काही उत्साही लोकांनी त्यांच्या कंपनीच्या विमानाची प्रत्येक फेरी ट्विटरवर टाकायला सुरुवात केली. कुठून उडालं, कुठे उतरलं, किती कार्बन सोडला. त्या ऑक्टोबरमध्ये आर्नोंनी रेडिओ क्लासिकवर (ही वाहिनीही त्यांच्याच समूहाची!) सांगून टाकलं की ग्रुपचं विमान विकलं, आता भाड्याने घेतो, म्हणजे मी कुठे जातो ते कोणाला दिसत नाही. त्यांचे चिरंजीव आंतवान यांनी टीव्हीवर बाजू मांडली ती अशी, की विमान हे आमच्या कामाचं साधन आहे, आमच्या धंद्यात स्पर्धा भयंकर आहे.

मी स्वतः कपड्यांच्या निर्यातीत आहे, मर्चंडायझिंगमध्ये. आमच्याकडे न्यूयॉर्कचे बायर येतात ते दोहा किंवा दुबईमार्गे साध्या विमानाने, आणि दुसऱ्या दिवशी सुजलेल्या डोळ्यांनी सॅम्पल बघतात. धंदा तरीही होतो. त्यामुळे माझा प्रश्न सरळ आहे. स्टील किंवा तेलवाल्यांचं मी समजू शकते, त्यांच्या साइट आडरानात असतात. पण फॅशन कंपनीला स्वतःचं जेट ही खरी धंद्याची गरज आहे, की साहेबांची हौस कंपनीच्या खर्चात?

विमान क्षेत्रातले, हिशेब तपासणारे, कपड्यांच्या धंद्यातले, सगळ्यांनी लिहा.

आंबटचुका
पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलोय.

घाटवळण
हौसच. पुढचा धागा?

धावपट्टी
घाटवळण, इतक्या लवकर निकाल देऊ नका. मी चार्टर कंपनीत, म्हणजे विमानं भाड्याने देणाऱ्या कंपनीत, ऑपरेशन्सला आहे, म्हणून माझी बाजू आधीच उघड करतो.

सुईदोरा ताई, मुख्यालय कुठे आहे यावर बरंच ठरतं. झाराची मालक कंपनी इंडिटेक्स. त्यांचं मुख्यालय माद्रिदला नाही, स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गॅलिसियामधल्या अर्तेइशो गावात आहे. जवळचा विमानतळ आ कोरुन्या. तिथून शांघाय किंवा न्यूयॉर्कला जायचं तर आधी माद्रिद किंवा तसंच कुठलं तरी मोठं विमानतळ गाठा, मग पुढचं विमान. जाता येता प्रत्येकी अर्धा दिवस गेला. चार-पाच वरिष्ठ माणसं एकदम निघाली की जेटचा हिशेब अगदीच वेडगळ राहत नाही.

दुसरी गोष्ट, एकाच दौऱ्यातले थांबे. एलव्हीएमएचकडे ७५ ब्रँड आणि जगभरात सहा हजारांवर दुकानं आहेत. सकाळी मिलान, दुपारी फ्लोरेन्सजवळची चामड्याची कार्यशाळा, रात्री लंडन, हे नेहमीच्या विमानांच्या वेळापत्रकात बसवून दाखवा. शिवाय विमानात बसून कोणती कंपनी विकत घ्यायची हे मोकळेपणाने बोलता येतं. बिझनेस क्लासमध्ये मागच्या सीटवर प्रतिस्पर्ध्याचा माणूस असू शकतो.

घाटवळण
पण एलव्हीएमएच तर पॅरिसमध्ये आहे. शार्ल द गॉलवरून जगात कुठे थेट विमान नाही? तुमचा गॅलिसियाचा मुद्दा आर्नोंना लागू पडत नाही. त्यांच्याकडे बॉम्बार्डियरचं ग्लोबल ७५०० होतं, एका दमात सात हजार सातशे सागरी मैल जाणारं. मिलान आणि लंडनसाठी?

लूमवाला
मुख्यालय आडगावात असेल तर जेट समर्थनीय, हे तत्त्व मला मनापासून पटलं आहे. मी इचलकरंजीचा. आमचे पुढारी आणि यंत्रमागधारक ऐकताय ना?

आंबटचुका
लूमवाला, आधी कोल्हापूरला वेळेवर विमान येऊ दे.

ओहायोवाली
मुख्यालयाचा विषय निघालाच आहे तर माझ्या घराजवळची गोष्ट. मी अमेरिकेत ओहायोमधल्या कोलंबसला राहते. शेजारच्या न्यू अल्बनीत अबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या कंपनीचं मोठं आवार आहे. कोलंबसवरून लांबच्या परदेशी प्रवासाला विमान बदलावंच लागतं, तेव्हा धावपट्टी म्हणतात ती गरज इथे खरोखर आहे. आणि फॅशन कंपनीच्या विमानाची सगळ्यात गाजलेली कथासुद्धा इथलीच आहे.

माइक जेफ्रीज हे त्या कंपनीचे तेव्हाचे सीईओ. कंपनीकडे गल्फस्ट्रीम जी५५० होतं. एका माजी वैमानिकाने वयावरून भेदभाव केला म्हणून २०१० मध्ये दावा लावला. त्या दाव्याच्या कागदपत्रांतून विमानावरच्या कर्मचाऱ्यांसाठीची नियमपुस्तिका बाहेर आली. सत्तेचाळीस पानांची! ऑक्टोबर २०१२ मध्ये सगळ्या वर्तमानपत्रांनी ती चघळली.

त्यात काय होतं? विमानात सेवा देणारे तरुण मॉडेल. गणवेश म्हणजे कंपनीचाच पोलो शर्ट, जीन्स, आतले कपडेही ठरलेले, पायात फ्लिप-फ्लॉप, अंगावर कंपनीच्याच अत्तराचा फवारा. चमचे-काटे हाताळताना काळे हातमोजे, टेबल मांडताना पांढरे. परतीच्या प्रवासाला पाहुणे आत आले की एक ठरलेलं गाणं लावायचं. कोणी काही मागितलं तर "नो प्रॉब्लेम" म्हणायचं, "शुअर" किंवा "एक मिनिट" म्हणायचं नाही. साहेबांच्या कुत्र्यांनी कुठे बसायचं तेही लिहिलेलं.

बदलापूरलोकल
कुत्र्यांना आरक्षित जागा. आणि मी गेली कित्येक वर्षं दारात लटकतोय.

कोकणकडा
हातमोज्यांचं वाचून सकाळी सकाळी चहा नाकात गेला. पण गंमत सोडली तर मला हे अगदीच वेडेपण वाटत नाही. त्या काळी त्यांच्या दुकानातही हेच होतं ना? अंधार, मोठ्ठं संगीत, अत्तराचा घमघमाट, दारात देखणी मुलं. विमान म्हणजे उडतं दुकान झालं. ब्रँड म्हणतात तो हाच.

घाटवळण
दुकानात गिऱ्हाईक येतं, कोकणकडा. विमानात साहेबच. कोणाला दाखवायचा ब्रँड, कुत्र्यांना?

ताळेबंद
मी सीए, अमेरिकन कंपन्यांची कामं करतो. हातमोजे राहू द्या. त्या कंपनीची खरी मजेदार गोष्ट आकड्यांत आहे आणि ती नियमपुस्तिकेच्या आधीची आहे.

जेफ्रीजना खाजगी प्रवासासाठीही कंपनीचं विमान मिळत होतं. २०१० मध्ये संचालक मंडळाने करार बदलला. यापुढे वर्षाला दोन लाख डॉलरपर्यंतच खाजगी वापर मोफत, त्यावरचा खर्च त्यांनी भरायचा. आणि ही मर्यादा मान्य केल्याबद्दल त्यांना एकरकमी चाळीस लाख डॉलर दिले. म्हणजे कंपनीने स्वतःच्याच विमानाचा वापर कमी करून घेण्यासाठी स्वतःच्याच नोकराला पैसे मोजले.

आता हे आपल्याला कळलं कसं? अमेरिकेत शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला वरिष्ठांच्या सवलती दरवर्षी प्रॉक्सी निवेदनात, म्हणजे भागधारकांच्या सभेआधीच्या पत्रकात, सांगाव्या लागतात. एकूण सवलती दहा हजार डॉलरच्या वर गेल्या की लपवता येत नाहीत. घर ते ऑफिस विमानाने आलात तर तेही खाजगीच धरतात. मात्र तिथे आकडा लिहितात तो फक्त वाढीव खर्चाचा. इंधन, उतरण्याचं शुल्क, वैमानिकांची हॉटेलं, खाणं. विमानाची किंमत, वैमानिकांचा पगार, हँगर हे त्यात येत नाही, कारण ते तसेही होणारच होते अशी भूमिका. त्यामुळे निवेदनात दोन लाख दिसले तर खरा भार त्यापेक्षा बराच जास्त समजा.

आणि आयकरासाठी आणखी वेगळा आकडा. तिथे सरकारी भाडेदराच्या सूत्राने मूल्य काढतात. मोठ्या जेटमध्ये बसणाऱ्या वरिष्ठासाठी त्या मूळ दराच्या चौपट धरायचं. चौपट ऐकून भरपूर वाटतं, पण मूळ दर साध्या प्रवासी भाड्यासारखा असल्याने शेवटची रक्कम चार्टरच्या बिलाजवळही जात नाही. एकच फेरी, भागधारकाला एक आकडा, आयकराला दुसरा, कंपनीच्या वहीत तिसरा. तिन्ही कायदेशीर.

मिरजमळा
कंपनी त्यांची, पैसा त्यांचा. आर्नोंनी जेट घ्यावं नाहीतर रणगाडा, आपल्या पोटात का दुखतं? मराठी माणूस मागे का, याचं उत्तर या धाग्यातच आहे.

ताळेबंद
मिरजमळा, दोन कंपन्यांत फरक करा. एलव्हीएमएचमध्ये आर्नो कुटुंबाचे जवळजवळ निम्मे शेअर आहेत आणि मतांचं बहुमत त्यांच्याकडे आहे. तिथे "त्यांचा पैसा" हे अर्धं तरी खरं. अबरक्रॉम्बीत जेफ्रीज मालक नव्हते, पगारी सीईओ होते. तिथला पैसा पेन्शन फंडांचा, म्हणजे कुठल्या तरी शाळेतल्या निवृत्त बाईंचा. पोटात त्यांच्या दुखायला हवं.

मिरजमळा
मग त्या बाईंनी शेअर विकावा. सोपं आहे.

धावपट्टी
सुरक्षेचा मुद्दा कोणी काढला नाही. राल्फ लॉरेन यांच्या नोकरीच्या करारातच सुरक्षेच्या कारणावरून खाजगी विमानाने प्रवास करण्याचं कलम आहे, आणि ते कंपनीच्या निवेदनांत छापलेलं आहे. ज्या माणसाचं नाव हाच ब्रँड आहे त्याला काही झालं तर शेअर आपटेल, हा तर्क मला तरी पटतो.

घाटवळण
टाय विकणाऱ्याला कोण पळवून नेणार आहे?

धावपट्टी
श्रीमंत माणसाला पळवून नेताना तो काय विकतो ते कोणी विचारत नाही, साहेब.

शेवगा
तुम्ही सगळे खर्चाचं बोलताय, धुराचं कोणी बोलेना. ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्नमेंट या युरोपीय संस्थेच्या २०२१ च्या अहवालात म्हटलंय की खाजगी जेट दर प्रवाशामागे साध्या विमानाच्या पाच ते चौदा पट प्रदूषण करतं, आणि एका तासात दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडू शकतं. २०२४ मध्ये आणखी एक अभ्यास आला. २०१९ ते २०२३ या काळात खाजगी उड्डाणांचं उत्सर्जन ४६ टक्क्यांनी वाढलं, आणि जवळपास निम्मी उड्डाणं पाचशे किलोमीटरपेक्षा कमी अंतराची होती. म्हणजे पुणे-गोव्यासारखी. हेच ब्रँड नंतर "शाश्वत" लेबल लावून सुती पिशवी देतात.

सुईदोरा
शेवगा, पिशवीचं अगदी खरं. पण आमच्या धंद्यातली आतली गोष्ट सांगते. फॅशनच्या हवाई उत्सर्जनात साहेबांचं जेट ही किरकोळ बाब आहे. खरा धूर मालवाहू विमानांचा. झाराच्या दुकानांत आठवड्यातून दोनदा नवा माल जातो, त्यातला बराच स्पेनमधल्या झारागोझा विमानतळावरून उडतो. २०२४ च्या सुरुवातीला रॉयटर्सने आकडे दिले होते: ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांपैकी शीन तेव्हा रोज सुमारे पाच हजार टन माल विमानाने पाठवत होतं, टेमू चार हजार टन. रोज! साध्या गणिताने ही बोइंग ७७७ मालवाहूंची मोठी रांग होते.

आणि हे फक्त त्यांचंच नाही. आपल्याकडेही कापड उशिरा आलं, रंग नापास झाला की शिपमेंट समुद्राऐवजी विमानाने जाते आणि भाडं कारखानदाराच्या बोडक्यावर बसतं. तिरुपूरपासून ढाक्यापर्यंत "एअर करावं लागलं" हे वाक्य ऐकलं की मालकाचं तोंड बघवत नाही.

शेवगा
बाप रे, हे माहीत नव्हतं. पण किरकोळ म्हणून सोडायचं का? मालवाहू विमानात निदान हजारो लोकांचे शर्ट असतात. जेटमध्ये एक माणूस.

कोकणकडा
आणि तीन कुत्री.

पांढरीमाती
अवांतर होईल, पण कपडे आणि विमान म्हटल्यावर रेमंडचे विजयपत सिंघानिया कसे कोणाला आठवले नाहीत? ठाण्याच्या कारखान्यापेक्षा त्यांचं मन आकाशातच जास्त. १९८८ मध्ये मायक्रोलाइटसारख्या चिमुकल्या विमानातून एकटे इंग्लंडहून भारतात आले. २६ नोव्हेंबर २००५ ला, सदुसष्टाव्या वर्षी, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून गरम हवेच्या फुग्यातून उडाले आणि २१,०२७ मीटरवर पोचले. जागतिक विक्रम! उतरले आमच्या सिन्नर तालुक्यात, पांचाळे गावाजवळ. आमच्याकडचे जुने लोक अजून सांगतात. रेमंडचा चार्टरचा विभागही होता, नाव "मिलियन एअर".

आंबटचुका
रेमंडच्या जाहिरातीतला "कम्प्लीट मॅन" पूर्णच वर गेला होता म्हणायचा. (गमतीने घ्या)

लूमवाला
पांढरीमाती, याला मी हौस म्हणेन आणि टाळ्याही वाजवीन. स्वतः फुग्यात बसून जीव धोक्यात घालणं वेगळं, आणि मागे बसून हातमोजेवाल्याकडून सरबत घेणं वेगळं.

घाटवळण
+१. संपादक, इथे हौसेच्या दोन प्रतवाऱ्या करा.

ताळेबंद
भारताचं विचारणारे खाजगी निरोप आलेत, म्हणून इथेच लिहितो. आपल्याकडे दोन वाटा. एक, विमान खाजगी गटात नोंदवायचं. मग ते भाड्याने देता येत नाही, फक्त स्वतःच्या कामाला. खाजगी वापराच्या विमानावर जीएसटी आधी २८ टक्के अधिक उपकर होता, सप्टेंबर २०२५ पासून थेट ४० टक्के. इनपुट क्रेडिटही (भरलेल्या कराची वजावट) सहसा अडतं. दुसरी वाट, डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाचा अनियमित सेवेचा परवाना घ्यायचा, ज्याला सगळे एनएसओपी म्हणतात. मग ते चार्टरचं विमान ठरतं, करही सुसह्य होतात. म्हणून बऱ्याच उद्योगसमूहांची एक छोटी "एव्हिएशन कंपनी" असते, तिचं मुख्य गिऱ्हाईक तोच समूह. सगळ्यांचा हेतू वाईट असतो असं नाही, पण कस्टम्सवाले या रचनांकडे फार प्रेमाने बघत नाहीत.

अमेरिकेतही फेब्रुवारी २०२४ मध्ये आयकर खात्याने जाहीर केलं होतं की कंपन्यांच्या जेटचा धंद्याचा वापर किती आणि घरचा किती, याच्या डझनावारी तपासण्या करणार.

बदलापूरलोकल
मुंबईत ठेवायला जागा मिळते का पण? माझी स्कूटर ठेवायला मिळत नाही.

धावपट्टी
हा प्रश्न विनोदी वाटला तरी आमचं रोजचं दुखणं आहे. मुंबईत गर्दीच्या तासांत छोट्या विमानांवर बंधनं आहेत आणि पार्किंग कायम भरलेलं. त्यामुळे साहेबांना कलिन्याच्या बाजूला उतरवायचं आणि रिकामं विमान दुसऱ्या शहरात नेऊन ठेवायचं. संध्याकाळी परत रिकामं आणायचं. या रिकाम्या फेऱ्या जगभर आहेत. त्यात इंधन जळतं, वैमानिकाचे ड्यूटीचे तास जातात, आणि प्रवासी शून्य.

ओहायोवाली
मूळ मुद्द्याकडे येते. आर्नोंनी विमान विकलं याचा अनेकांनी "लाजून विकलं" असा अर्थ घेतला. पण त्यांचं म्हणणं नीट वाचा. उडणं कमी करतो असं ते कुठेच म्हणत नाहीत. दिसणं कमी झालं, एवढंच ते सांगतात.

हे कसं चालतं तेही सांगते, कारण माझ्या नवऱ्याला तोच छंद आहे. प्रत्येक विमान आपली ओळख आणि जागा रेडिओवरून सतत प्रसारित करत असतं, टक्कर होऊ नये म्हणून. घराच्या छपरावर स्वस्तातला रिसीव्हर लावून कोणीही ते ऐकू शकतं, आणि हजारो छंदिष्टांनी ऐकलेलं एकत्र केलं की जगाचा नकाशा तयार होतो. यात काही चोरी नाही. नोंदणी क्रमांक एकदा कळला की झालं. भाड्याच्या विमानाचं तसं नाही. आज यात ते, उद्या दुसरं कोणी. विमान दिसतं, आत कोण आहे ते कळत नाही.

आणि गंमत म्हणजे हिस्सेदारीने जेट विकणारी नेटजेट्स, जी वॉरन बफेंच्या बर्कशायरने १९९८ मध्ये घेतली, तिचं मुख्यालय इथेच कोलंबसला! बफेंनी त्याआधी कंपनीसाठी जेट घेतलं तेव्हा त्याचं नावच "इनडिफेन्सिबल" ठेवलं होतं, समर्थन करता येणार नाही असं. माणूस प्रामाणिक.

कोकणकडा
म्हणजे कंपनीचं विमान असताना निदान भागधारकांना आणि ट्विटरवाल्यांना कळत तरी होतं. टीका केली आणि उलट पडदाच टाकून घेतला.

शेवगा
म्हणजे टीका करायची नाही?

कोकणकडा
करायची हो. पण विमान कोणाच्या नावावर आहे यावर करून काय उपयोग? तास मोजा. वर्षात किती तास उडालात, कशासाठी, भाड्याचे धरून, एवढं वार्षिक अहवालात छापा म्हणावं.

ताळेबंद
कोकणकडा यांच्याशी सहमत. आत्ता जे छापलं जातं ते सवलत म्हणून, म्हणजे खाजगी वापरापुरतं. "कामासाठी" असा शिक्का बसला की ती फेरी प्रवासखर्चाच्या ढिगात विरघळते. सुईदोरा यांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच ढिगात आहे, आणि तो ढीग बाहेरच्याला कोणी उपसू देत नाही.

सुईदोरा
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. माझं मत थोडं सरकलं आहे. आ कोरुन्या किंवा न्यू अल्बनीसारख्या ठिकाणी काही फेऱ्यांना खरंच अर्थ असेल. पॅरिसहून मिलानसाठी मला अजून पटत नाही. चाळीस लाख डॉलर तर कधीच पटणार नाहीत.

धावपट्टी, एक शेवटचं. उद्या पुण्याच्या एखाद्या साडीच्या ब्रँडने विचारलं की विकत घेऊ, हिस्सा घेऊ की चार्टर करू, तर तुम्ही काय सांगाल?

धावपट्टी
धंद्यातला ढोबळ ठोकताळा असा. वर्षाला पन्नास तासांच्या आत उडत असाल तर चार्टर, डोळे मिटून. त्याच्या पुढे दोनेकशे तासांपर्यंत हिस्सेदारी. नेटजेट्सकडे एक सोळांश हिस्सा म्हणजे वर्षाला पन्नास तास. दोनशेच्या बऱ्याच वर गेलात तरच स्वतःचं. आणि साडीच्या ब्रँडला मी आधी विचारीन की जायचंय कुठे. बनारस, कांचीपुरम, येवला? येवल्याला गाडीने जा, जेवायला थांबता येतं.

लूमवाला
आमच्या शेठना हा धागा वाचून दाखवला. म्हणाले, आधी मुंबईच्या टॅक्सीच्या पावत्या जोडल्यात का ते बघा.

आंबटचुका
पॉपकॉर्न संपले. त्याची पावती कोणाकडे लावू?